उरलं ते हिरवं

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं. नगररचनेच्या कामात ३१ वर्षं काढून निवृत्त झालेल्या आमच्या सदरलेखिका या महिन्यात नव्या वस्त्या आणि त्यांतल्या मोकळ्या जागांविषयी आलेल्या पत्रांना उत्तरं देत आहेत.

प्रश्न : मुलुंड पूर्वेला आमची अकरा इमारतींची जुनी वसाहत आहे. प्लॉट १२,००० चौरस मीटरचा, घरं १७६. मधल्या मैदानात दोन चिंचा आणि एक जांभूळ, त्यांच्याखाली दरवर्षी गणपतीचा मांडव पडतो. आता सगळ्या सोसायट्या मिळून पुनर्विकासाला निघालोय. सात टॉवर, ७०० घरं. विकासकाच्या माहितीपत्रकात '६५ टक्के हिरवी मोकळी जागा' असं छापलंय. समितीतली तरुण मंडळी खूश आहेत. मला आकडा पटत नाही, पण चूक कुठे आहे ते दाखवताही येत नाही.
– एक सभासद, मुलुंड

उत्तर : काका, आकडा खोटा नसेलही. तोच तर त्रास आहे. तो कशाकशाला हिरवं म्हणतो, तेवढं विचारा.

१९८४ साली मी कामाला लागले तेव्हा नकाशे ट्रेसिंग पेपरवर शाईने काढायचे, अमोनियाच्या मशीनमधून प्रिंट घ्यायची आणि तिच्यावर रंगीत पेन्सिलींनी रंग भरायचे. तो अमोनियाचा वास घरी जाईपर्यंत साडीला असायचा. रंगांचा क्रम ठरलेला होता. राहायच्या जागांना पिवळा, दुकानांना निळा, शाळा-दवाखान्यांना लाल. हे सगळं झालं की शेवटी हिरवी पेन्सिल. तोवर कागदावर उरलेले असायचे कोपरे. वळणावरचा त्रिकोण, उच्चदाब विजेच्या तारांखालचा पट्टा, नाल्याच्या कडेची चिंचोळी चिंधी. आमचे हेड ड्राफ्ट्समन चहाचा कप खाली ठेवून म्हणायचे, 'उरलं ते हिरवं, भरून टाका.' आणि मी भरायची. आता कॉम्प्युटर आले, अमोनिया गेला, क्रम तोच राहिला.

आता तुमचे ६५ टक्के. सात टॉवरचे पायथे वजा केल्यावर उरणारी सगळी जागा यात धरलेली असणार. इमारतींभोवती कायद्याने सोडावीच लागणारी अंतरं, अग्निशमनाची गाडी फिरायला ठेवलेला रस्ता (त्यावर भोकांचे ब्लॉक बसवून भोकांतून गवत उगवलं की तो कागदावर हिरवा होतो), पोडियमवरची (म्हणजे खालच्या पार्किंगच्या छतावरची) बाग, पोहण्याच्या तलावाभोवतीच्या कुंड्या. एका माहितीपत्रकात मी गच्चीवरचं प्लास्टिकचं गवतसुद्धा मोजलेलं पाहिलंय.

कायद्याचा संबंध असतो तो लेआउटमधल्या मोकळ्या जागेशी. बोलताना सगळे तिला 'आरजी' किंवा 'एलओएस' म्हणतात. मुंबईत १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीपासून १०,००० चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटला ती २५ टक्के लागते. म्हणजे तुमच्याकडे ३,००० चौरस मीटर. ६५ वरून आपण २५ वर आलो. पुढे चला. २०१८ साली लागू झालेल्या नियमावलीप्रमाणे यातला किमान ६० टक्के भाग जमिनीच्या पातळीवर हवा, बाकीचा पोडियमवर चालतो. म्हणजे जमिनीवर १,८००. आणि त्यातही निम्म्याखालीच खरी, पाणी मुरणारी माती हवी. उरलेल्या निम्म्याखाली तळघर असलं तरी चालतं. राहिले ९०० चौरस मीटर. ७०० घरांत घरटी चार माणसं धरली तर २,८०० माणसं. माणशी ०.३२ चौरस मीटर. जेवणाच्या टेबलावर आजचं वर्तमानपत्र पूर्ण उघडून ठेवा. तुमच्या वाट्याची माती त्याच्याखाली झाकली जाईल.

हा झाला नेहमीचा नियम. पुनर्विकासाच्या काही कलमांखाली यातही सूट मिळते. तुमचा प्रस्ताव नेमका कोणत्या कलमाखाली जातोय, हे समितीच्या पुढच्याच बैठकीत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.

पोडियमवरची बाग ही काय बाग नाही का, असं तरुण मंडळी विचारतील. मुंबईतलाच असा एक वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. डिसेंबर २०१३मध्ये न्यायालयाने सांगितलं, की नियमाने लागणारी मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर हवी तेवढी करा पण ती जादाची. पुढे नियमावलीच नवी आली आणि ४० टक्के पुन्हा वर चढले. पोडियमवर दीड-दोन फूट माती असते. तिच्यात हिरवळ जगते, चाफा जगतो. चिंच जगत नाही.

टक्क्यांवरून भांडण्यात दम घालवू नका. ते ९०० चौरस मीटर कुठे सोडायचे, यावर भांडा. विकासकाचा आर्किटेक्ट ते हद्दीच्या भिंतीलगत सोडेल, कारण तळघर तिथपर्यंत न्यायचं नसतंच. तुम्ही म्हणा, चिंचांखाली सोडा. त्यासाठी आधी सर्व्हेयरकडून तिन्ही झाडं नकाशावर चढवून घ्या, बुंध्याच्या घेरासकट. बहुतेक लेआउटमध्ये जुनी झाडं दाखवलेलीच नसतात आणि जे नकाशावर नाही ते जमिनीवरून कधी गेलं हे कुणाला सांगताही येत नाही. झाडं दाखवली की तळघर त्या बाजूने मागे घ्यावं लागतं, पार्किंगच्या काही जागा जातात. किती जातात ते लेखी मागा. 'फार जातात' हे उत्तर नव्हे.

झाडं कापायचीच असा हट्ट असेल तर राज्याच्या वृक्ष संरक्षण कायद्यातली २०२१ची दुरुस्ती वाचून दाखवा. कापलेल्या झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावावी लागतात, आणि पन्नाशी ओलांडलेलं झाड वारसा वृक्ष ठरतं. वसाहत कधी बांधली ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण चिंचा तिच्याआधीच्या असाव्यात असं मला वाटतं. वसाहत बांधताना चिंच कोणी लावत नाही.

आणि एक करा. आर्किटेक्टच्या हातात पेन्सिल द्या नि नव्या नकाशावर गणपतीचा मांडव काढून दाखवायला सांगा, ३० फूट बाय ४० फूट. पेन्सिल पोडियमवर टेकली, तर मूर्ती विसर्जनाला कोणत्या लिफ्टने खाली येणार तेही विचारून घ्या.

प्रश्न : ताई, माझं माहेर पनवेलजवळचं. भावांबरोबर सातबारावर माझंही नाव आहे. आमच्या गावाला नैना (नवी मुंबई विमानतळाभोवतीचं नवं नियोजन क्षेत्र) लागलंय, टीपी स्कीम येणार म्हणतात. जमिनीचे ४० टक्के परत मिळतील आणि ६० टक्के जातील. भाऊ म्हणतात, ही लूट आहे. मला वेगळीच काळजी आहे. भातखाचरांच्या कडेने ओहोळ वाहतो. नव्या शहरात त्याचं काय होणार?
– एक बहीण, भांडुप

उत्तर : भावांचं आधी. ६० टक्के ऐकून कोणाच्याही पोटात गोळा येईल. पण ही पद्धत समजून घ्या, कारण मुंबईची बरीच चांगली उपनगरं तिच्यातूनच निघाली आहेत. बोरिवली पश्चिमेला टीपीएस रोड आहे. रोज त्यावरून जाणाऱ्या किती जणांना ही तीन अक्षरं कशाची ते ठाऊक असेल? टाउन प्लॅनिंग स्कीम, म्हणजे नगररचना योजना. मूळ कायदा १९१५चा. वांद्रे, सांताक्रूझ, पार्ले इथले सरळ रस्ते आणि चौकोनी प्लॉट या योजनांनी दिले. सगळ्यांच्या वेड्यावाकड्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, त्यातून रस्ते, बागा, शाळा काढायच्या आणि उरलेली जमीन नीट आकाराच्या भूखंडांत सगळ्यांना परत वाटायची. कुणा एकाची सगळी जमीन रस्त्यात जात नाही नि कुणा एकाला फुकटचा कोपऱ्याचा प्लॉट मिळत नाही. निदान तसं व्हावं, ही अपेक्षा. नैनात परतीचे ४० टक्के कमी की पुरेसे, यावर शेतकऱ्यांची आंदोलनं झाली आहेत आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. ६० टक्क्यांत नेमकं काय काय बसवलंय, रस्ते किती, बागा किती, विकायचे भूखंड किती, हा हिशेब मागायचा तुमचा हक्क आहे. तो आकड्यांनिशी मागा.

मला ही पद्धत आवडते त्याचं कारण बागेचा मालक. विकास आराखड्यात एखाद्या खाजगी जमिनीवर 'मैदान' असं आरक्षण पडतं तेव्हा जमीन मालकाचीच राहते. प्राधिकरणाने पैसे देऊन ती घ्यायची असते. १९६६च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याचं कलम १२७ सांगतं, की दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांतही हालचाल झाली नाही तर आरक्षण गळून पडतं. तुमच्या आसपास 'इथे मैदान होणार होतं' असं म्हातारी माणसं ज्या जागेकडे बोट दाखवून सांगतात, तिची गोष्ट बहुधा हीच असते. नगररचना योजनेत तसं होत नाही. प्राथमिक योजना मंजूर झाली की बागेचा भूखंड थेट प्राधिकरणाच्या मालकीचा होतो. वाट बघायची नाही.

आता ओहोळ. इथे मला माझीच गोष्ट सांगावी लागेल.

१९९०च्या सुमारास एका उपनगरातल्या मोठ्या लेआउटचा नकाशा माझ्या हाताखालून गेला. कुठला ते सांगत नाही, तिथे लोक राहतात. जुन्या भूमापनाच्या नकाशावर जमिनीच्या मधोमध एक तुटक रेघ होती, वळणं घेत गेलेली. उन्हाळ्यात पाहणीला गेलो तर तिथे खडखडीत कोरडी घळ, गवत आणि दोन म्हशी. वरिष्ठ म्हणाले, 'वळवून कंपाउंडच्या भिंतीलगत घ्या.' मी पट्टी लावली आणि सरळ रेघ मारली. घळीच्या जागेवर दोन इमारती आणि एक बाग बसली. बागेला मी हिरवा रंग भरला. सुबक दिसत होतं, हे कबूल करते.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईची जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटरच्या हिशेबाने बांधलेली, त्यातही निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं गृहीत धरून. याच गटारांवरच्या १९९३च्या अहवालाने ताशी ५० मिलिमीटर धरायला आणि मुरणं विसरायला सांगितलं होतं, कारण मुरायला जमीन राहिलीच नव्हती. ऑगस्टमध्ये मी एकटीच ते लेआउट बघायला गेले. तळमजल्यांच्या भिंतींवर माझ्या छातीपर्यंत चिखलाची रेघ. एक आजी पायरीवर गाद्या वाळत घालत होत्या. मी विचारलं, नाला भरून आला का? त्या म्हणाल्या, 'नाल्याकडून नाही बाई, बागेतून आलं. झोपाळ्याच्या बाजूने आत शिरलं आणि त्या दोन बिल्डिंगांमधून पलीकडे गेलं.' मी जाऊन उभी राहिले. ती तुटक रेघ होती. पंधरा वर्षं तिच्यावर बाग होती, इमारती होत्या, तरी पाण्याने तिचं एकही वळण चुकवलं नव्हतं.

म्हणून तुम्हाला सांगते. तलाठ्याकडून किंवा भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गाव नकाशा काढा. ओहोळ त्याच्यावर कसा दाखवलाय ते बघा आणि मसुदा योजनेच्या नकाशाशी ताडून पाहा. ओहोळ जर शाळेच्या भिंतीसारखा सरळ झाला असेल तर हरकत घ्या. हरकतींची मुदत जाहीर सूचनेत असते, ती चुकवू नका. पुढे लवाद नेमला जातो, त्याच्यासमोर प्रत्येक जमीनमालकाला म्हणणं मांडता येतं. तिथे भावनेच्या गोष्टी नकोत. म्हणावं, योजनेत बागा आणि मैदानं द्यायचीच आहेत, ती सुटी सुटी इकडेतिकडे टाकण्याऐवजी ओहोळाच्या दोन्ही बाजूंनी सलग द्या. जमीन तेवढीच लागते. पावसाळ्यात आठ दिवस तिथे पाणी उभं राहिलं तर फुटबॉल बंद राहील, एवढंच. घरं कोरडी राहतील. भातखाचरं हेच काम करत आली आहेत, फक्त त्याला कुणी नाव दिलं नव्हतं.

ओहोळाला पूर कुठपर्यंत येतो हे तुमच्या गावातल्या म्हाताऱ्यांना माहीत असतं. एखाद्या दगडाची, आंब्याची खूण सांगतील. त्या खुणांचे फोटो काढून, भूमापन क्रमांक घालून अर्जाला जोडा. नकाशा काढणारी पोरं उन्हाळ्यात येतात. मीही उन्हाळ्यातच गेले होते.

प्रश्न : आमच्या घराजवळचं मैदान सुशोभित केलं. पेव्हर ब्लॉकची वाट, कारंजं, बाकं आणि पाटी : 'खेळण्यास सक्त मनाई.' मुलं आता रस्त्यावर क्रिकेट खेळतात. तक्रार केली तर म्हणतात, हिरवळ वाढली ना?
– एक पालक, चेंबूर

उत्तर : विकास आराखड्यावर तुमच्या जागेवरचा शिक्का बघा. मुंबईच्या सध्याच्या आराखड्यात खेळाच्या मैदानाच्या आरक्षणाला आरओएस १.४ आणि बागेला आरओएस १.५ असे क्रमांक आहेत. आधीपासून मैदान असलेल्या जागेवर ईओएस १.४ असेल. आराखड्याची पानं महापालिकेच्या संकेतस्थळावर आहेत. शिक्का १.४ चा असेल तर वॉर्ड ऑफिसला एका ओळीचा अर्ज करा : 'खेळाच्या मैदानावर खेळायला मनाई कोणत्या आदेशाने केली, त्याची प्रत मिळावी.' बहुतेकदा असा आदेश नसतोच. कुणीतरी ठेकेदाराकडून पाटी रंगवून घेतलेली असते.

कारंज्याबद्दल माझं मत विचारलं नाहीत, तरी सांगते. मुंबईत वर्षाचे चार महिने आकाशातून फुकट कारंजं मिळतं.

प्रश्न : मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कांदिवलीला दहा बाय पंधराच्या खोलीत आम्ही पाच जण राहतो. वर्गात सगळे नव्या उपनगरात हरित पट्टे कसे हवेत ते बोलतात आणि मला चीड येते. असं बोलणाऱ्यांची स्वतःची घरं मोठी असतात. जागा मोकळी सोडली की घरं कमी बांधली जाणार, म्हणजे महागणार. आमच्यासारख्यांनी बागेत राहायचं का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : तुझं पत्र मी तीनदा वाचलं. माझं घर दोन बेडरूमचं आहे, तेव्हा टोमणा मलाही लागतो आणि लागू दे.

तू म्हणतेस ते परदेशी पुस्तकं जशीच्या तशी उचलली तर शंभर टक्के खरं आहे. इंग्लंडच्या एबेनेझर हॉवर्डने १८९८ साली उद्यान-नगराची कल्पना मांडली, तिच्यात ६,००० एकरांत ३२,००० माणसं होती. मुंबईच्या सरासरी दाटीने तेवढ्याच जागेत साडेसहा लाखांहून जास्त माणसं बसतात. तेव्हा हॉवर्डला नमस्कार करायचा आणि चारकोपला जायचं. तुझ्या घरापासून लांबही नाही.

चारकोपची वसाहत ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने झाली. सरकारने घरं बांधली नाहीत. लहान लहान प्लॉट आखले, पाणी, गटार, रस्ते दिले आणि सांगितलं, घर तुमचं तुम्ही बांधा, जमेल तसं वाढवा. ३५ प्लॉटची एक सोसायटी, मध्ये एक सामाईक चौक. कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी होती ही योजना, मोठ्या घरवाल्यांसाठी नाही. मी नवी असताना आम्हाला तिथे पाहायला नेलं होतं. एका चौकात तीन बाया मेथी निवडत होत्या, एक मुलगा उलट्या बादलीवर बसून अभ्यास करत होता आणि त्यांच्यामधून टेनिस बॉल जात-येत होता. साहेब म्हणाले, 'यांना दिवाणखाना दिलेला नाही, म्हणून चौक दिलाय.' आज त्यातल्या पुष्कळ घरांवर मजले चढलेत, चौकांत स्कूटर उभ्या असतात. तरी चौक आहेत. कुणी बांधून टाकले नाहीत, कारण ३५ दारं त्यांच्याकडे तोंड करून आहेत.

बेलापूरला आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकातच सिडकोसाठी आर्टिस्ट्स व्हिलेज केलं. सात घरं आणि मध्ये ८ मीटर बाय ८ मीटरचं अंगण. असे तीन पुंजके मिळून १२ बाय १२ मीटरचं थोडं मोठं अंगण. घरांना सामाईक भिंत नाही, म्हणजे ज्याला त्याला आपलं घर वाढवता येतं. लिफ्ट नाही, पोडियम नाही. रविवारी जा आणि टेप घेऊन जा. अंगण मोजल्याशिवाय ८ मीटर म्हणजे किती ते कळत नाही. जास्त वाटतं त्याहून कमी असतं आणि पुरतं त्याहून जास्त.

मोठं मैदानही लागतं, नुसत्या अंगणांवर भागत नाही. शिवाजी पार्क १९२५ साली लोकांना खुलं झालं, २८ एकरांचं. म्हणजे साधारण १ लाख १३ हजार चौरस मीटर. केंद्र सरकारच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचना माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सांगतात. त्या हिशेबाने अख्खं शिवाजी पार्क फार तर अकरा हजार माणसांना पुरेल. मुंबईला माणशी सव्वा चौरस मीटरच्या आसपास मिळते. आता त्याच्या कट्ट्यावर संध्याकाळी बस आणि मोज, किती माणसं येतात, कुठून येतात. सगळी काही समोरच्या इमारतींतली नसतात. मैदानाला चारही बाजूंनी रस्ता आहे, कुंपणात फाटकं-तिकिटं नाहीत, म्हणून ते दादर-माहीमच्या चाळींचंही आहे. हेच मैदान एखाद्या टॉवरच्या मागे असतं तर 'फक्त रहिवाशांसाठी' झालं असतं. दाट वस्तीत मैदान किती मोठं यापेक्षा ते कुणाच्या दारात आहे, हे मी आधी बघते.

घरं महागतात म्हणतेस. एक हिशेब कर. एका गाडीला, वळायची जागा धरून, २५ ते ३० चौरस मीटर लागतात. तुमची दहा बाय पंधराची खोली १४ चौरस मीटरची आहे. म्हणजे एका गाडीला तुमच्या पाच जणांच्या दुप्पट जागा, आणि गाडी दिवसातले बावीस-तेवीस तास झोपलेली असते. नव्या वस्तीत घर आणि झाड यांची मारामारी आहे असं वर्गात शिकवतात, तू तेच उलट बाजूने धरलंयस. माझ्या टेबलावर आलेल्या लेआउटमध्ये ती मारामारी मला फार थोड्या वेळा दिसली. बागेची जागा कापली जायची ती बहुतेकदा पार्किंगसाठी, आणि घरांचा आकडा तोच राहायचा. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांत असलेल्या वस्तीत गाड्यांच्या जागा निम्म्या केल्या तर किती खोल्या निघतात आणि किती मैदान निघतं, हे तुझ्या पुढच्या प्रोजेक्टचं काम समज. आकडे आले की मला पाठव, पुढच्या अंकात छापू.

चीड राहू दे. वर्गात बोल मात्र.

प्रश्न : नव्या इमारतीच्या पुढ्यात ४० फूट लांब, ६ फूट रुंद मातीचा पट्टा आहे. नर्सरीवाला रॉयल पाम सुचवतो. काय लावावं?
– सोसायटीचे सचिव, दहिसर

उत्तर : रॉयल पामची सावली विजेच्या खांबाइतकी पडते आणि झावळी सुटली की गाडीची काच जाते. नर्सरीवाल्याला तो आवडतो, कारण तो उंच झालेला विकता येतो. गुलमोहर सुंदर, पण तो मादागास्करचा पाहुणा. मुळं वरवर पसरतात आणि पावसाळी वाऱ्यात मोडतो. इमारतीला खेटून लावू नका. वड-उंबर तर नकोच, दहा वर्षांनी पाया शोधत येतील.

४० फुटांत चार झाडं पुरेत, सहा लावू नका. दोन ताम्हण, एक बकुळ, एक पुत्रंजीव. ताम्हण आपलं राज्यफूल, एप्रिल-मेमध्ये जांभळं होतं. बकुळ हळू वाढते, पण तिच्याखाली फुलं वेचायला येणारी माणसं सोसायटीच्या भांडणांत थोडी सौम्य होतात, असा माझा अनुभव आहे. बुंध्याभोवती मीटरभर माती उघडी ठेवा. फरशीवाला आला की तो ती बंद करायला बघेलच, त्या दिवशी घरी थांबा. लावायची ती पाऊस चांगला लागल्यावर. आणि पहिले दोन उन्हाळे पाणी कोण घालणार, त्याचं नाव ठरावात लिहून घ्या. 'सर्व सभासद' असं लिहिलंत तर कुणीच घालणार नाही.